चोवीस अंशांचा आरोप

१

मी ड्यूटीवरून मेडशीला घरी पोचलो तेव्हा घरामागून भिंतीवर बॉल आदळल्याचा आवाज येत होता. एक बॉल, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा एक. त्या शांततेत कोणीतरी कण्हत होतं.

मागे जाऊन पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. पौर्णिमानं, माझ्या बहिणीनं, उजव्या कोपराच्या दोन्ही बाजूंना लाकडी फूटपट्ट्या लावल्या होत्या आणि त्यांवर सायकलची ट्यूब करकचून आवळली होती. बोटं निळी पडली होती. तरी ती पुन्हा धावत आली आणि बॉल टाकला.

"पौर्णिमा! काय करून राह्यली तू?"

"हात सरळ करून राह्यली," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला जास्त भयंकर वाटलं. "वाकतच नाई म्हटल्यावर फेकी कशी म्हणतीन मले?"

मी ट्यूब कापली. कोपर फुगून नारळाएवढा झाला होता. तिला पाण्याचा पेला धरता येईना. रुख्मिणी, आमची माय, शेतातून आली आणि तिथंच मातीत बसली.

आठवड्याआधी वाशिमच्या मैदानावर जिल्ह्याच्या मुलींच्या गोलंदाजीची चाचणी झाली होती. तिपाईवर मोबाइल ठेवून हरीओम नावाचा तरुण चित्रण करतो आणि त्याच्या कॉम्प्युटरवर हात कोणत्या क्षणी किती वाकला ते निघतं. बॉल सोडताना कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये, असा नियम आहे; झाला तर बॉल टाकला नाही, फेकला असं धरतात. पौर्णिमाचा आकडा आला चोवीस. डिसेंबरच्या चाचणीत तो नऊ होता.

निवड समितीनं तिचं नाव कापलं. त्या चित्रणाची क्लिप सगळ्या ग्रुपवर फिरली. मेडशीच्या बसस्टँडवरची पोरं तिला पाहून हात वाकडा करून दाखवू लागली. नागपूरची राज्य निवड चार दिवसांवर आली होती.

मी समितीचे प्रमुख आणि जिल्ह्याचे प्रशिक्षक अमरसिंग राठोड यांना फोन लावला.

"सर, चूक झाली असंन. पुन्हा एकदा चाचणी घ्या."

ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या आण तिला. टाकू दे सहा बॉल."

मी पौर्णिमाच्या हाताकडे पाहिलं. "सर, तिचा हात सुजला. बॉल धरता येत नाई."

"मग संघदीप, मी काय करू? दाखवायले हातच नाही, तर मी कशावर विश्वास ठेवू?"

फोन बंद झाला. आपण खरे आहोत हे सिद्ध करायचा एकच मार्ग होता आणि तो माझ्या बहिणीनं स्वतःच्या हातानं बंद केला होता.

२

अमरसिंग सरांच्याच तोंडून एकदा ऐकलं होतं की, मोबाइलवरून मोजायची ही पद्धत रिसोडच्या वर्षाराणी मॅडमनी इथल्या लोकांना शिकवली. त्या अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात शिकवतात, खेळाडूंच्या हालचालींचा अभ्यास हाच त्यांचा विषय. उन्हाळी सुटीत त्या माहेरी आल्या होत्या. सकाळच्या पहिल्या जीपनं मी रिसोड गाठलं.

मॅडम चाळिशीच्या. त्यांनी मला बसवलं, माझं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग हरीओमला फोन केला.

"मॅडम, हवं ते तपासा," फोनच्या स्पीकरवरून त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "क्लिप आत्ता पाठवतो. मूळ फाइल मात्र नाही. मोबाइल भरतो म्हणून काम झालं का पुसून टाकतो मी."

क्लिप लगेच आली. मागचा सगळा भाग काळा केलेला होता. मागे माणसं हलली की प्रोग्रामचा गोंधळ होतो, म्हणून हरीओम सगळ्यांच्याच क्लिपा तशा करतो. दिसत होती ती पीचची जमीन, स्टंप, आणि संघाचा निळा शर्ट घातलेली पौर्णिमा. तिच्या अंगावर हिरव्या रेषांचा सांगाडा नाचत होता. हात खांद्याच्या वर गेला की कोपराशी लाल आकडा चढत जायचा.

"मॅडम, मशीन खोटं बोलतं का?" मी विचारलं.

"मशीन काहीच बोलत नाही. त्याला जे दिसलं ते मोजतं. अन् हा मोबाइल आहे, लाखोंचे कॅमेरे नाहीत. योग्य जागी ठेवला तरी पाच-सहा अंश इकडेतिकडे होतातच. हे मी शिबिरात सांगितलं होतं." त्यांनी क्लिप पुन्हा लावली. पुन्हा. बॉल हातातून सुटायच्या क्षणी थांबवली आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, "हिचा हात लहानपणी कधी मोडला होता?"

ही गोष्ट आमच्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हती.

३

सात वर्षांची असताना पौर्णिमा भरल्या बैलगाडीवरून पडली होती. हाड जवळच्या गावातल्या एकानं बसवलं, ते वाकडंच बसलं. तिचा कोपर कधी पूर्ण सरळ होत नाही. कळलं तर खेळू देणार नाहीत, या भीतीनं आम्ही ते लपवलं होतं.

"मग खरंच आहे न मॅडम?" मेडशीला आमच्या ओसरीत बसलेली पौर्णिमा म्हणाली. "माहा हातच वाकडा. मीच खोटी."

वर्षाराणी मॅडमनी तिचा सुजलेला हात मांडीवर घेतला होता. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. "रुख्मिणीताई, तुमचा विळा द्या बरं."

मायनं खुंटीचा विळा काढून दिला. मॅडमनी तो मुठीत उभा धरला. "पौर्णिमा, हा कसा दिसतो?"

"वाकडा."

त्यांनी मूठ फिरवली. विळ्याची कड आमच्याकडे झाली.

"आता?"

"सरळ."

"विळा सरळ झाला का?"

"नाई. फिरला फक्त."

"तुझा हातही तसाच फिरतो. वाकलेल्या हातानं बॉल टाकणं हा गुन्हा नाही, पोरी. टाकता टाकता तो सरळ करणं हा गुन्हा. तुझा वाकडाच येतो अन् वाकडाच जातो. पण एकाच कॅमेऱ्यानं चुकीच्या जागेवरून पाहिलं तर फिरणारा हात सरळ होताना दिसतो. बरोबर बाजूनं, क्रीजच्या रेषेत कॅमेरा असला की हा भास कमीत कमी होतो."

"पण कॅमेरा क्रीजच्या रेषेतच होता," मी म्हणालो. "तिथं तिपाईच्या जागेची खुंटी ठोकलेली आहे."

मॅडमनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. "स्टंप मोजा."

तीन होते. एकमेकांपासून वेगळे, स्पष्ट.

"क्रीजच्या रेषेत उभं राहून पाहिलं तर पहिल्या स्टंपामागे बाकीचे दोन झाकले जातात. तीनही मिळून एकच दिसतो. इथं तीन दिसतात, म्हणजे ही क्लिप खुंटीवरून घेतलेलीच नाही. अमरसिंग सर म्हणतील, सहाही बॉलचा आकडा चोवीसच्या आसपास, मग चूक कशी? अहो, चुकीच्या जागेवरून सहा वेळा मोजलं, तर सहा वेळा तीच चूक येणार. आकडा हलत नाही म्हणून तो खरा ठरत नाही."

पौर्णिमा विळ्याकडे पाहत होती. "डिसेंबरमधी मोबाइल आधी लिंबाखाली ठेवला होता," ती पुटपुटली. "मंग हरीओमभाऊ म्हणे जागा चुकली. पुन्हा टाकाले लावलं मले."

"यावेळी एकदाच टाकलेस?"

"हो."

"यावेळी मोबाइल तिपाईवर कोणी लावला?"

पौर्णिमानं मान खाली घातली. उत्तर मला माहीत होतं, आणि तिला ते द्यायचं नव्हतं.

"पल्लवीनं," शेवटी मीच म्हणालो. पल्लवी तिची जिवलग मैत्रीण. पौर्णिमाच्या जागी आता नागपूरला तीच जाणार होती.

४

वाशिमच्या मैदानावर ऊन रणरणत होतं. अमरसिंग सरांनी मॅडमना आणि मला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं; पौर्णिमा मायजवळ घरीच होती. हरीओम आधीच आला होता. किडकिडीत, चष्मा लावलेला, अतिशय अदबशीर. पुण्यातली नोकरी सोडून तो गावी आला आणि मिळतील ते मोबाइल वापरून त्यानं हे सगळं उभं केलं होतं. त्यानं सगळ्यांना पाणी आणून दिलं.

"मॅडम, माझं या पोरीशी भांडण आहे, ते लपवत नाही मी," अमरसिंग सर स्वतःच बोलले. "माझ्या नेटमध्ये सरावाला ये म्हटलं, आली नाही. भावाकडेच शिकते म्हणे. पण म्हणून मी तिचं वाटोळं करीन? बाकी पोरींच्या क्लिपा पाहा. कोणाचाच आकडा दहाच्या वर नाही."

मॅडमनी त्या क्लिपा पाहिल्या. एकेक करून सगळ्या. प्रत्येकीत तीन स्टंपांचा एकच झाला होता. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

पल्लवीला बोलावलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"मी खुंटीवरच ठेवला होता," ती म्हणाली. "खुंटीवरच. पौर्णिमाची पाळी शेवटी होती. मोबाइल एवढा तापला होता का हात लावू देईना. मी ओढणी ओली करून त्याच्यावर ठेवली."

"तिच्या वेळी मोबाइलवर काय दिसत होतं?"

"काईच नाई. काळं दिसत होतं. उन्हात स्क्रीन दिसतच नाई न मॅडम."

"चुकून हलला असंल तिच्याकडून," हरीओम हळू आवाजात म्हणाला. "पोरगी आहे. मुद्दाम नसंल केलं."

बाकी सगळ्यांच्या वेळी मोबाइल जागेवर होता, फक्त पौर्णिमाच्या वेळी नव्हता, आणि मोबाइलजवळ उभी होती ती पल्लवी. नागपूरची जागाही तिलाच मिळाली होती. यंदा तिला एकोणीस पूर्ण होणार, पुढच्या वर्षी ती या एकोणीस वर्षांखालच्या गटात बसणार नव्हती. घरच्यांनी यंदापुरतीच परवानगी दिली होती.

"मीच केलं असं लिहा," पल्लवी एकदम म्हणाली. "लिहा! माही जागा तिले द्या. पण तिच्यासमोर मले चोर म्हणू नका."

"जागा तिला देऊन काय होणार?" अमरसिंग सरांचा आवाज फाटला. "तिचा हात गेला. अन् तू कबूल केलंस तर तूही जात नाहीस. आता कोणीच जाणार नाही."

पल्लवी भिंतीला टेकून खाली बसली. मी आलो होतो माझ्या बहिणीला वाचवायला. आता दोघींचाही खेळ संपला होता.

५

वर्षाराणी मॅडम उठल्या आणि उन्हात निघाल्या. मी मागोमाग गेलो. बारा वाजून गेले होते. पीचवर कालच्या सरावाचे स्टंप अजून तसेच होते. मॅडम त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि किती तरी वेळ जमिनीकडे पाहत राहिल्या.

"मॅडम, चक्कर येईल तुमाले. सावलीत चला."

"कुठली सावली, संघदीप?"

मी खाली पाहिलं. माझी सावली माझ्या चपलांखालीच गोळा झाली होती. स्टंपांना तर सावलीच नव्हती. उभ्या काठ्या, त्यांच्या बुडाशी काळा ठिपकासुद्धा नाही.

"चाचणी किती वाजता झाली?"

"अशीच भर दुपारी. सकाळचा सामना लांबला होता म्हणून."

त्यांनी लॅपटॉप उघडला, पदरानं ऊन अडवलं आणि क्लिप लावली. इतके दिवस आम्ही हात पाहत होतो, आकडा पाहत होतो. क्लिपमधल्या प्रत्येक स्टंपाच्या बुडातून एक काळी रेघ निघून पीचवर पसरली होती. जवळजवळ स्टंपाएवढीच लांब.

"पीच उत्तर-दक्षिण आहे?"

"हो."

"हरीओमला बोलवा," मॅडम म्हणाल्या. "अन् पल्लवीला आधी पाणी द्या. तिनं काही केलेलं नाही."

६

आम्ही सगळे स्टंपांभोवती उभे राहिलो.

"सर, मेच्या तिसऱ्या आठवड्यात वाशिममध्ये सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो," मॅडमनी अमरसिंग सरांना सांगितलं. "सावली पडत नाही. चाचणी आठवड्याभरापूर्वी, याच वेळी झाली; तेव्हाही सावली नसल्यातच जमा. बाकी मुलींच्या क्लिपा पाहा. स्टंपांना सावली नाही. आता पौर्णिमाची पाहा."

सरांनी पाहिली. "ही तर हातभर सावली आहे. तिची पाळी संध्याकाळी झाली असंल."

"तुम्ही इथंच होता. झाली का?"

"नाही," सर ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"आणि संध्याकाळची असती तर सूर्य पश्चिमेला असता, सावली पीचच्या आडवी पडली असती. ही पीचच्या बरोबर लांबीनं उत्तरेकडे गेली आहे. दुपारी, उत्तरेला, स्टंपाएवढी सावली. ती इथं फक्त हिवाळ्यात पडते. सूर्य दक्षिणेकडे खाली उतरलेला असतो तेव्हा." त्या थांबल्या. "ही क्लिप डिसेंबरची आहे. पौर्णिमाला डिसेंबरमध्ये दोनदा बॉल टाकायला लावले होते. पहिल्या वेळी मोबाइल कडुलिंबाखाली होता, चुकीच्या जागी. म्हणून तीन स्टंप दिसतात, म्हणून चोवीस अंश दिसतात. शर्ट संघाचाच, मागचा भाग काळा. कोणाला ओळखू येणार? ते चित्रण पल्लवीकडे नव्हतं. सरांकडे नव्हतं."

सगळ्यांनी हरीओमकडे पाहिलं. त्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"मेच्या फाइलमध्ये पौर्णिमाचे बॉल नव्हतेच," मॅडम म्हणाल्या, आवाज न चढवता. "स्क्रीन उन्हानं दिसत नव्हती असं पल्लवीला वाटलं. मोबाइल तापून बंद पडला होता. बरोबर?"

"घरी गेल्यावर कळलं," हरीओम म्हणाला. "बाकी सगळ्यांचं होतं. तिचं काहीच नव्हतं. समिती दुसऱ्या दिवशी ठरवणार होती, माझी पद्धत सगळ्या तालुक्यांत घ्यायची का नाही. त्यात सांगू, उन्हात माझा मोबाइल बंद पडतो म्हणून? मेच्या उन्हात कोण वापरंल मंग?"

"तर जुनी क्लिप लावली. ठीक आहे. पण डिसेंबरची बरोबर क्लिपही तुझ्याकडे होती. नऊ अंशांची. ती काहून नाही लावली?"

त्यानं चष्मा खिशात घातला.

"सर म्हणाले होते," त्यानं अमरसिंग सरांकडे पाहिलं, "इतक्या चाचण्या घेतल्या, तुझ्या मशीननं कधी कोणाले पकडलं का? मंग आमाले कायले पाहिजे? मॅडम, कोणाचं काही चुकतच नव्हतं. मी काय दाखवणार होतो? ही क्लिप समोर होती. चोवीस. वाटलं, एकदा पकडलेलं दिसू द्या. पुढच्या मोसमात पुन्हा तपासू, तेव्हा सुटंल ती. एका मोसमाचंच तर होतं..."

"एका मोसमाचं!" माझा हात त्याच्या कॉलरवर गेला होता. "तिनं हात मोडून घेतला! फूटपट्ट्या बांधून!"

तिनं स्वतःच हाताचं असं केलं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की खरंच माहीत नव्हतं. माझी पकड आपोआप सुटली. तो तिथंच तापलेल्या पीचवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हुंदके देऊ लागला. कोणी त्याला उठवलं नाही.

अमरसिंग सर पाठमोरे उभे होते. "मी बोललो होतो तसं," ते म्हणाले. "सहज बोललो होतो."

७

समितीनं त्याच संध्याकाळी अहवाल मागे घेतला. अमरसिंग सर स्वतः मेडशीला आले, आमच्या ओसरीत मायसमोर हात जोडून उभे राहिले आणि ज्या ज्या ग्रुपवर क्लिप गेली होती तिथं त्यांनी स्वतःच्या आवाजात खरं काय ते सांगितलं. हरीओमचं काम बंद झालं. पण नागपूरला पौर्णिमा गेली नाही. कोपरातला स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि तीन महिने बॉलला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. पल्लवी गेली. जायच्या आधी ती आमच्याकडे आली, पौर्णिमानं तिला निरोप दिला, आणि पल्लवी पाठमोरी झाल्यावर पौर्णिमा उशीत तोंड खुपसून पहिल्यांदा रडली.

"आता कायले रडतं? तू खरी ठरली न," माय म्हणाली.

"म्हणूनच रडतो, माय. तुमी सगळे म्हणत होते का मी खरी. माह्यावर माहाच भरोसा नव्हता. त्या हिरव्या रेषा पाहून मलेच वाटलं का मी फेकून राह्यली. मीच माह्या हाताले शिक्षा देली."

माय तिच्या उशाशी बसली आणि हातावरच्या पट्ट्यावरून बोटं फिरवू लागली.

दिवाळीनंतर वर्षाराणी मॅडमनी आम्हाला अमरावतीला बोलावलं. त्यांच्या कॉलेजात पीच मावेल एवढी मोठी खोली आहे, तिच्या चारी बाजूंना कॅमेरे, खेळाडूच्या अंगावर पांढरे ठिपके चिकटवून मोजतात. अमरसिंग सरही आले होते. मॅडमनी स्वतः पौर्णिमाच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर ठिपके लावले. तिच्या हातात बॉल दिला. इतक्या महिन्यांनी तिनं तो बोटांत फिरवला आणि छातीशी घट्ट धरला.

"घाबरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "धाव सुरू कर तुला वाटेल तेव्हा."

पौर्णिमा जागची हलली नाही.

"मॅडम, आधी तुमचे कॅमेरे कुठं कुठं ठेवले ते मले दाखवा."

अमरसिंग सर खाली पाहू लागले. मॅडमनी मान डोलावली. मग माझी बहीण अंगावरच्या ठिपक्यांसकट एकेका कॅमेऱ्याजवळ गेली, त्याच्यामागे उभी राहिली, तिथून पीचकडे नीट पाहिलं. मॅडम तिच्यासोबत फिरत होत्या आणि ती विचारेल ते सगळं सांगत होत्या. कोणालाच घाई नव्हती. शेवटचा कॅमेरा पाहून झाल्यावर ती आपल्या खुणेवर परत आली, आमच्या कोणाकडेही न पाहता वळली आणि धावत सुटली.